निळीच्या पैशातून उभे राहिलेले आशियाचे संग्रहालय

पॅरिसच्या गिमे संग्रहालयात कंबोडियाची तिलोत्तमा आहे, अफगाणिस्तानच्या मातीत सापडलेले भारतीय हस्तिदंत आहे आणि तामिळ देशीचा नटराजही आहे. पाच वर्षांच्या नूतनीकरणानंतर २००१ साली हे संग्रहालय नव्या उजेडात उघडले. त्यानंतर दोनच महिन्यांत बामियानचे बुद्ध जमीनदोस्त झाले. एका दारी जतन आणि दुसऱ्या दारी विध्वंस, अशी ही कहाणी.

पांढरे कपडे धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालायची, ही गोष्ट आपल्याकडच्या आजी-आईंना सांगावी लागत नाही. धोतर, सदरे, शाळेचे गणवेश, पलंगपोस सारे त्या निळसर पाण्यातून निघाले म्हणजे उन्हात लखलखत. दुकानात पुडीतून मिळणाऱ्या त्या निळीचा आणि आशियातील देवदेवतांच्या मूर्तींचा काही संबंध असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण तो आहे, आणि अगदी जवळचा आहे.

युरोपातील चित्रकार शतकानुशतके एक विशिष्ट निळा रंग सोन्याच्या मोलाने विकत घेत असत. तो रंग लाजवर्द नावाच्या दगडापासून बनत असे आणि हा दगड येई अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. आपले जुने ग्रंथ त्याला राजावर्त म्हणतात. फ्रान्समधील झाँ-बातिस्त गिमे या रसायनतज्ज्ञाने १८२६ च्या सुमारास हाच निळा रंग कृत्रिम रीतीने बनवण्याची युक्ती शोधून काढली. सोन्याच्या भावाचा रंग एकाएकी स्वस्त झाला. चित्रकारांनी तर तो घेतलाच, पण त्याहून मोठे गिऱ्हाईक निघाले ते कागदाचे कारखानदार आणि घरोघर कपडे धुणाऱ्या बायका! लियों शहराजवळच्या गिमे यांच्या कारखान्यातून ही नीळ दूरदूर जाऊ लागली आणि घरात पैशाचा ओघ सुरू झाला.

या निळीच्या पैशाचे पुढे काय झाले, हे पाहायचे असेल तर पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी, आयफेल टॉवरपासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका गोल घुमटाच्या इमारतीपाशी जावे लागते. तिचे नाव गिमे संग्रहालय. आशियाई कलेचे हे फ्रान्सचे राष्ट्रीय संग्रहालय असून, आज तेथे ६०,००० हून अधिक वस्तू आहेत.

कारखानदाराची तीर्थयात्रा

झाँ-बातिस्त यांचा मुलगा एमिल गिमे १८३६ साली जन्मला. वडिलांचा कारखाना त्याने नेटाने चालवला. कामगारांच्या शिक्षणात आणि संगीतात त्याला रस होता. १८६५ साली तो इजिप्तला गेला आणि तेथील देवळे व मूर्ती पाहून त्याच्या मनात एका प्रश्नाने घर केले. माणूस देव का मानतो? निरनिराळ्या देशांतील माणसे आपापल्या देवाजवळ नेमके काय मागतात?

हा प्रश्न घेऊन तो १८७६ साली जगाच्या सफरीला निघाला. सोबत फेलिक्स रेगामे नावाचा चित्रकार होता. अमेरिकेमार्गे ते जपानला पोचले. तेथून चीन, सिलोन आणि मग दक्षिण भारत. भारतात तो फार दिवस राहिला नाही, परंतु दक्षिणेतील गोपुरे, उत्सव आणि पूजा-अर्चा त्याने बारकाईने पाहिली. जपानमध्ये त्याने भिक्षू आणि पुजारी यांच्याशी दुभाष्यामार्फत तासन् तास चर्चा केली. क्योटो येथील तोजी मंदिरातील बुद्ध, बोधिसत्त्व आणि रक्षक देवता यांचा समूह पाहून तो इतका भारावला, की त्या २३ मूर्तींची लहान आकारातील प्रतिकृती त्याने मुद्दाम करवून घेतली. आजही ती पॅरिसमध्ये आहे.

परत आल्यावर त्याने १८७९ मध्ये लियोंला संग्रहालय उघडले. पण लोक हवेत, अभ्यासक हवेत, तर राजधानी गाठली पाहिजे हे त्याच्या लक्षात आले. सारा संग्रह त्याने सरकारला देऊ केला आणि १८८९ साली, ज्या वर्षी आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये गिमे संग्रहालयाचे दार उघडले.

गिमे यांच्या डोळ्यांपुढे कलेचे नव्हे, तर धर्मांचे संग्रहालय होते. मूर्ती सुंदर आहे की नाही, यापेक्षा ती कोणाची, तिच्या हातात काय आहे, तिची पूजा कशी करतात, हे त्यांना महत्त्वाचे वाटे. संग्रहालयाच्या गोल ग्रंथालयात १८९१ साली जपानी भिक्षूंनी बौद्ध विधी केला, तेव्हा पुढे फ्रान्सचे पंतप्रधान झालेले क्लेमांसो श्रोत्यांत होते. १९०५ साली याच ग्रंथालयात एका तरुणीने ‘हिंदू नृत्य’ म्हणून स्वतः रचलेला एक नाच केला. तिचा हिंदू नृत्याशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातली गेलेली माता हारी ती हीच!

एमिल गिमे १९१८ साली वारले. त्यानंतर संग्रहालयाचा रंग बदलत गेला. पॉल पेल्यो या संशोधकाने चीनच्या सीमेवरील दुनह्वांगच्या गुहांतून आणलेली रेशमी चित्रे आली. लुई देलापोर्त या नौदल अधिकाऱ्याने १८७३ च्या मोहिमेत आणि नंतरच्या मोहिमांत कंबोडियातून जमवलेली शिल्पे आली. १९४५ साली लूव्र संग्रहालयाशी अदलाबदल झाली. गिमेमधील इजिप्तच्या वस्तू लूव्रला गेल्या आणि लूव्रमधील आशियाई वस्तू गिमेत आल्या. धर्मांचे संग्रहालय अशा रीतीने आशियाच्या कलेचे घर बनले.

जुन्या वाड्यात नवा उजेड

पण घर वाढले की अडचणही वाढते. शंभर वर्षांत खोल्यांत खोल्या झाल्या, भिंतींआड भिंती आल्या. दालने अंधारी आणि कोंदट झाली. एका देशाची मूर्ती पाहून दुसऱ्या देशाच्या दालनात जावे, तर मध्ये रस्ता सापडेना, अशी अवस्था.

१९९६ साली संग्रहालय बंद करून मोठे काम हाती घेण्यात आले. आंरी गोदँ आणि ब्रुनो गोदँ या वास्तुशिल्पी पितापुत्रांकडे ते सोपवले होते. त्यांनी इमारतीचे बाहेरचे रूप आणि जुने गोल ग्रंथालय राखले, आणि आतली दाटी काढून टाकली. वरून आणि बाजूने दिवसाचा उजेड आत घेतला. जिने असे बांधले की चढताना खालची, वरची आणि समोरची दालने एकाच वेळी नजरेत यावीत.

यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. त्या वेळी संग्रहालयाचे प्रमुख होते झाँ-फ्रांस्वा जारिज. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सिंधू संस्कृतीच्याही आधीची वस्ती उजेडात आणणारे हे पुरातत्त्वज्ञ. आशियातील देश कधीच एकमेकांना परके नव्हते, कल्पना, मूर्ती आणि माणसे सतत ये-जा करत होती, हे अशा संशोधकाला सांगायला नको. नव्या रचनेत हीच ये-जा पाहणाऱ्याच्या पायांनाही जाणवते. मथुरेचा नाग पाहून निघावे, तर समोर गांधाराचा बुद्ध दिसतो. पुढे अफगाणिस्तान लागते, मग मध्य आशिया आणि त्यानंतर चीन. ज्या वाटेने बुद्धाची मूर्ती प्रत्यक्षात गेली, त्याच वाटेने प्रेक्षकही जातो.

दगडाच्या बाबतीत उजेडाचे महत्त्व किती असते, हे आपल्याला वेरूळला सकाळी आणि दुपारी जाऊन पाहिल्यास कळते. दिव्याच्या एकाच झोतात जो चेहरा सपाट दिसतो, तोच दिवसाच्या हलत्या उजेडात जिवंत वाटू लागतो. येथे ख्मेर राजा सातवा जयवर्मा याचे मस्तक आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस अंकोरवर राज्य करणारा, रस्त्यांवर धर्मशाळा आणि राज्यभर रुग्णालये उभारणारा हा बौद्ध राजा. मिटलेले डोळे आणि ओठांवर उमटू पाहणारे हसू. मुकुट नाही की दागिना नाही. या मस्तकापुढे बोलणारी माणसेही आपोआप आवाज खाली आणतात.

पॅरिसमध्ये तिलोत्तमा

संग्रहालयात शिरल्यावर तळमजल्यावरच भारतीय माणसाची पावले थबकतात. कारण समोर महाभारत असते!

तांबूस वालुकाश्मात कोरलेले ते एक त्रिकोणी शिल्प आहे. मधोमध एक सुंदरी. दोन्ही बाजूंनी दोन धिप्पाड पुरुष. एकाने तिचा एक हात धरलेला, दुसऱ्याने दुसरा. दोघांच्या हाती गदा आहेत आणि आता त्या एकमेकांवर पडणार. ही सुंद आणि उपसुंद या असुर भावांची गोष्ट. दोघांचे इतके सख्य, की एका ताटात जेवावे आणि एका शय्येवर झोपावे. तपश्चर्या करून त्यांनी वर मिळवला की आम्हाला मरण आलेच, तर एकमेकांच्या हातून यावे. मग तिन्ही लोकांत त्यांनी उच्छाद मांडला. तेव्हा ब्रह्मदेवाच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने जगातील प्रत्येक सुंदर वस्तूतून तिळ तिळ घेऊन तिलोत्तमा घडवली. पुढे काय झाले, ते त्या दगडात दिसतेच आहे.

आदिपर्वात ही कथा नारद पांडवांना सांगतात. पाच भावांत एक द्रौपदी आहे, तेव्हा सांभाळा, असा तिचा मतलब. कुरुक्षेत्रापासून हजारो कोस दूर, इसवी सन ९६७ च्या सुमारास कंबोडियातील बांते स्रेई या शिवमंदिरावर ती कोरली गेली. कोरणाऱ्या कारागिराने भारत पाहिला असण्याचा संभव कमीच, परंतु गोष्ट त्याला पाठ होती. तिलोत्तमेच्या अंगावरची वस्त्रे आणि चेहऱ्याची ठेवण मात्र त्याच्या गावातल्या मुलीची आहे.

शेजारीच अंकोरच्या प्रेअह खान मंदिराच्या वाटेवरचे दगडी वीर उभे आहेत. हातात त्यांनी प्रचंड नाग धरला आहे. आपल्याकडच्या लहान मुलालाही हे दृश्य पाहून समुद्रमंथनाची आठवण होते. ख्मेर शिल्पांचा कंबोडियाबाहेरचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह म्हणून हे दालन ओळखले जाते.

या शिल्पांचा काळ ठरवण्यातही या संग्रहालयाचा वाटा मोठा आहे. फिलिप स्टर्न हे येथील अभ्यासक केवळ खांब, कमानी आणि नक्षी यांच्यातील बारीक फरक पाहून मंदिरांचा क्रम लावत. अंकोरच्या बायोन मंदिराचा काळ तोपर्यंत समजत होते त्याहून बराच अलीकडचा आहे, हे त्यांनी १९२७ साली याच पद्धतीने दाखवून दिले. हीच पद्धत घेऊन ते पुढे आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील स्तंभांकडे वळले आणि त्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

बेग्रामची बंद खोली

पहिल्या मजल्यावरच्या अफगाण दालनात काचेआड हस्तिदंताचे नाजूक तुकडे मांडलेले आहेत. काही तर तळहाताएवढे. त्यांवर आरशात पाहणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, पोपटाशी खेळणाऱ्या, तोरणाखाली उभ्या असलेल्या स्त्रिया आहेत. कमरेला जाड मेखला, पायांत वाळ्यांच्या चळती. सांचीचे तोरण ज्याने पाहिले आहे, तो क्षणभरही न थांबता सांगेल की या बायका आपल्याकडच्या.

मग त्या अफगाणिस्तानात कशा गेल्या?

काबूलच्या उत्तरेला बेग्राम नावाचे ठिकाण आहे. प्राचीन कापिशी नगरी ती हीच. पाणिनीच्या व्याकरणातही तिचा उल्लेख आहे. अफगाण सरकारशी झालेल्या १९२२ च्या करारानुसार फ्रेंच पुरातत्त्व पथक अफगाणिस्तानात उत्खनन करत असे आणि सापडलेल्या वस्तू काबूल आणि गिमे संग्रहालयांत वाटून घेतल्या जात. गिमे संग्रहालयाचे जोसेफ हाकिन या पथकाचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी रिया यांनी प्रत्यक्ष उत्खननाचे काम अंगावर घेतले होते. १९३७ साली त्यांना बेग्राममध्ये एक बुजवलेली खोली सापडली आणि १९३९ साली दुसरी. आत होते रोमन काचेचे रंगीत पेले, ग्रीक धाटणीच्या कांस्य मूर्ती, चीनची लाखेची भांडी आणि भारतीय हस्तिदंत! हस्तिदंताच्या पट्ट्या मुळात आसनांवर आणि पेट्यांवर जडवलेल्या होत्या. आतले लाकूड केव्हाच कुजून मातीत मिळाले होते. पट्ट्या मात्र थरावर थर अशा मातीत पडून होत्या. एक चुकीचा हात, आणि सतराशे-अठराशे वर्षांचा ठेवा भुगा झाला असता.

रोमपासून चीनपर्यंतचा सारा व्यापार एका गावात येऊन थांबावा आणि कोणीतरी तो भिंत घालून बंद करावा, असा हा शोध होता. तो साजरा करण्याइतकाही वेळ हाकिन दांपत्याला मिळाला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली फ्रान्स पडला, तेव्हा काबूलमध्ये असलेल्या या दोघांनी जनरल द गॉल यांच्या बाजूने उभे राहण्याचे ठरवले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते ज्या जहाजातून निघाले होते, त्यावर पाणतीर आदळला आणि दोघेही समुद्रात बुडाले. त्यांच्या उत्खननाचा उरलेला अहवाल त्यांच्या पश्चात, १९५४ साली प्रसिद्ध झाला. बेग्रामच्या हस्तिदंताचे भारतीय कलेतील स्थान सांगणारा त्यातील भाग लिहिला तो त्याच फिलिप स्टर्न यांनी.

या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली, परंतु अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इसवी सन ७९ मध्ये पाँपेई गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे उघड. ती कोठे घडली असावी, यावर बरीच चर्चा झाली. १९७० च्या दशकात जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन झाले, तेव्हा तेथे तिच्याशी विलक्षण साम्य असलेली एक खंडित हस्तिदंती मूर्ती सापडली. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली असून ती तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तेथील लोकांची नावे कोरलेली आहेत. आज एस.टी.च्या फाट्यावरचे साधे तालुक्याचे गाव वाटणारे हे ठिकाण, सातवाहनांच्या काळात रोमपर्यंत पोचणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर होते!

दोन महिन्यांचे अंतर

जानेवारी २००१ मध्ये गिमे संग्रहालय पुन्हा उघडले. फ्रान्सच्या अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि बाहेर रांगा लागल्या. अफगाण दालनात हड्डाच्या चुनेगच्चीच्या मूर्ती होत्या. वस्त्राच्या ओच्यात फुले घेऊन उभा असलेला हड्डाचा तो प्रसिद्ध यक्ष पाहून लोक हरखून जात होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस काबूलहून बातमी आली. अफगाणिस्तानातील सर्व मूर्ती फोडून टाकाव्यात, असा हुकूम तालिबानी राजवटीने काढला होता. जगभरातून विनवण्या झाल्या. मार्च २००१ मध्ये बामियानच्या कड्यातील दोन्ही बुद्धमूर्ती, एक सुमारे ५५ मीटर उंचीची आणि दुसरी ३८ मीटरची, स्फोटकांनी उडवण्यात आल्या. काबूलच्या संग्रहालयातही हातोडे चालले. ते संग्रहालय आधीच घायाळ होते. १९९३ साली यादवी युद्धात त्याच्यावर अग्निबाण पडला होता आणि नंतरच्या लुटालुटीत बेग्रामच्या हस्तिदंताचे काबूलकडे राहिलेले बरेच तुकडे नाहीसे झाले होते.

पॅरिसच्या दालनातील त्याच उत्खननाचे तुकडे मात्र सुखरूप होते. १९२२ नंतरच्या त्या वाटणीने निम्मा ठेवा वाचवला, असे त्या वेळी अनेकांना वाटले, आणि त्यात तथ्य होते.

पण ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी काबूलमध्ये घडत होती, अगदी गुपचूप. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा निघून जात असताना, पुढे काय वाढून ठेवले आहे हे काबूलच्या संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी ओळखले होते. निवडक वस्तू पेटाऱ्यांत भरून त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातील तळघराच्या तिजोऱ्यांत ठेवल्या. त्यांत १९७८ साली तिल्या तेपे येथे सापडलेले सोन्याचे वीस हजारांवर नग होते. राजवटी आल्या आणि गेल्या. पगार थांबले, धमक्या आल्या. सोने विकले गेले, वितळवले गेले, अशा अफवा उठल्या. ज्यांना ठाऊक होते त्यांनी तोंड उघडले नाही. पुढे संग्रहालयाचे संचालक झालेले ओमारा खान मसूदी त्यांपैकी एक. २००३-०४ मध्ये तिजोऱ्या उघडल्या, तेव्हा सारे जागच्या जागी होते.

डिसेंबर २००६ मध्ये हाच खजिना प्रदर्शनासाठी देशाबाहेर निघाला आणि त्याचा पहिला मुक्काम पडला तो गिमे संग्रहालयात. बेग्रामच्या खोलीतून निघून दोन देशांत विभागले गेलेले तुकडे कित्येक दशकांनी एका छताखाली आले. लुटीत गेलेल्यांपैकी २० हस्तिदंती तुकडेही एका दात्याने विकत घेतले आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात त्यांची डागडुजी होऊन २०१२ साली ते काबूलला परतले. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि जुनी काळजीही परतली.

मस्तक पॅरिसला, धड नॉमपेन्हला

सुरक्षित आहे म्हणून ठेवून घ्यावे का? आणि मुळात आणले होते ते कोणत्या हक्काने? गिमेसारख्या प्रत्येक संग्रहालयाला हा प्रश्न आता विचारला जातो.

वाटणीच्या कराराने आलेली वस्तू वेगळी आणि परसत्तेच्या काळात उचलून आणलेली वस्तू वेगळी. बांते स्रेईचेच उदाहरण घेऊ. १९२३ साली एक तरुण फ्रेंच लेखक त्या मंदिरातील शिल्पे करवतीने कापून नेताना पकडला गेला. त्याचे नाव आंद्रे माल्रो. खटला झाला, शिक्षा झाली, अपिलात ती कमी करून स्थगित ठेवण्यात आली. शिल्पे परत मंदिरात बसवली गेली. आणि हेच माल्रो १९५९ साली फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झाले!

कंबोडियाच्या दक्षिणेकडील नॉम दा येथील हरिहराची मूर्ती सातव्या शतकातली. अर्ध्या मस्तकावर शंकराच्या जटा, अर्ध्यावर विष्णूचा उंच मुकुट. हरी आणि हर यांच्यात भेद नाही, हे महाराष्ट्राला संतांनी सांगितले. कंबोडियाच्या शिल्पकाराने ते दगडात कितीतरी आधी कोरून ठेवले होते. या मूर्तीचे मस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सला गेले. धड मागे राहिले आणि पुढे नॉमपेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले. शंभरांहून अधिक वर्षे हरिहराचे मस्तक एका खंडात आणि धड दुसऱ्या खंडात.

फ्रान्सच्या कायद्यानुसार राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तू सहजासहजी कोणाला देऊन टाकता येत नाही. पण दोन्ही संग्रहालयांनी आपसातील कराराने मार्ग काढला आणि जानेवारी २०१६ मध्ये नॉमपेन्ह येथे मस्तक धडावर बसवण्यात आले. समारंभाला भिक्षू होते, मंत्री होते, फुले होती. जोड नीट बसला.

आपल्या देशालाही हा अनुभव आहे. तामिळनाडूतील पाथूरचा चोरीस गेलेला नटराज परत मिळवण्यासाठी लंडनच्या न्यायालयात खटला चालला. त्यात देवळाच्या वतीने दावा मांडला गेला आणि १९९१ साली नटराज मायदेशी परतला.

प्रत्येक मूर्तीची कहाणी वेगळी, म्हणून प्रत्येकीचा न्यायही वेगळा. सगळेच परत पाठवा म्हणणे जितके सोपे, तितकेच सगळे आमच्याकडेच सुरक्षित आहे हे म्हणणेही सोपे. बामियानने एका बाजूची चूक दाखवली, हरिहराने दुसऱ्या बाजूची. आणि काबूलच्या तिजोरीने आणखी एक गोष्ट दाखवली. ठेवा कोठे आहे, यावरच त्याचे रक्षण ठरत नाही. त्याच्याजवळ कोण उभे आहे, यावरही ते ठरते.

बदख्शानच्या खाणीतील दगड महाग पडतो म्हणून एका फ्रेंच माणसाने त्याच्यासारखा रंग बनवला. त्या रंगाच्या पैशातून जे घर उभे राहिले, त्याच घरात पुढे बदख्शानच्याच देशातील मूर्तींना आसरा मिळाला. पॅरिसला जाण्याचा योग प्रत्येकाला येईलच असे नाही. पण तेरचे संग्रहालय पंढरपूरच्या वाटेपासून फार लांब नाही. त्या हस्तिदंती स्त्रीची बेग्रामच्या बायकांशी आणि पाँपेईच्या यक्षीशी भावकी आहे. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन गेल्यास तिच्यापुढे घटकाभर उभे राहावे आणि ही गोष्ट त्यांना सांगावी.